आठवरून पाच-सातवर

मायएसक्यूएल ८.० वरचा डेटाबेस ५.७ वर न्यायचा, तर मूळ फाइली उचलून तिकडे ठेवणे चालत नाही. २०१८ मध्ये ८.० स्थिर आवृत्ती म्हणून आली, तेव्हा टेबलांची रचना सांगणाऱ्या स्वतंत्र .एफआरएम फाइली गेल्या आणि ती माहिती इनोडीबीतल्या डेटा डिक्शनरीत गेली. ५.७ ला ती वाचता येत नाही. उरतो एकच रस्ता: सगळे एसक्यूएलच्या मजकुरात डंप करून पुन्हा भरणे.

हा डंप बहुधा पहिल्याच टेबलाशी अडतो. ८.० चे डीफॉल्ट कोलेशन, यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय, ५.७ ला माहीतच नाही. त्याजागी यूटीएफ८एमबी४_युनिकोड_५२०_सीआय घातले की काम पुढे सरकते, पण खरी मेख इथेच आहे. ८.० चे कोलेशन शब्दाच्या शेवटची स्पेस मोजते, त्याजागी घातलेले मोजत नाही. त्यामुळे युनिक कॉलममधले ‘पुणे’ आणि मागे स्पेस राहिलेले ‘पुणे ’ ५.७ मध्ये एकच ठरतात आणि आयात डुप्लिकेटच्या तक्रारीने थांबते. कोणती नोंद ठेवायची हे डेटा ओळखणाऱ्या माणसानेच ठरवावे. स्क्रिप्टवर सोडू नये.

काम थांबवणारी चूक त्यातल्या त्यात बरी, निदान ती दिसते. चेक कन्स्ट्रेंट मात्र ५.७ वाचते आणि सोडून देते, ८.०.१६ पासून पाळला जाणारा नियम कसलाही इशारा न देता गळून पडतो. असे नियम आधीच शोधून त्यांच्या जागी ट्रिगर लिहावेत. विंडो फंक्शनवर बेतलेले व्ह्यूही नव्याने लिहावे लागतात. वापरकर्त्यांची खाती ५.७ वर हातानेच तयार करावीत, कारण ८.० ची डीफॉल्ट पासवर्ड पद्धत त्या सर्व्हरकडे नाही.