न मोजलेले दाणे

वाचकहो, तुमच्या घरातला मुलगा किंवा मुलगी कॉलेजात शिकत असेल, तर सुट्टीत घरी आल्यावर रात्री उशिरापर्यंत प्रॅक्टिकलची वही लिहिताना तुम्ही पाहिले असेल. शेजारी मित्राची वही उघडी असते. आपल्याला वाटते, पोर अभ्यास करते आहे. कधी तो अभ्यास असतो, कधी नुसती उतरवाउतरवी. मीही ती केली आहे, आणि तिची किंमत आमच्या घराला मोजावी लागली.

१९९० सालची गोष्ट. मी बी.एस्सी. कृषीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. पोळ्याला घरी गेलो तेव्हा वडिलांनी ओंजळभर ज्वारी फडक्यात बांधून दिली. म्हणाले, "यंदा कणगीला ओल लागली व्हती. हे बी उगवतंय का, तुझ्या कॉलेजात बघ. त्यावर पेरायचं का न्हाई ते ठरवू."

योगायोगाने तेव्हाच आमचे उगवणशक्तीचे प्रात्यक्षिक होते. चारशे दाणे घ्यायचे, शंभर-शंभराचे चार भाग करायचे आणि ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे. ज्वारीची पहिली मोजणी चौथ्या दिवशी आणि शेवटची दहाव्या दिवशी. नुसता मोड दिसला म्हणून दाणा उगवला असे धरत नाहीत. मूळ आणि कोंब दोन्ही धड असावे लागतात. म्हणून तर दहावा दिवस महत्त्वाचा. चौथ्या दिवशी मी मोजणी केली. दाणे मागे होते, पण म्हटले, उगवतील. दहाव्या दिवशी तालुक्याच्या गावी नवा सिनेमा लागला होता.

दुसऱ्या दिवशी वही द्यायची होती. माझ्या गुंडाळ्या तोवर कोणी तरी साफ करून टाकल्या होत्या. शेजारच्या मित्राच्या वहीत ८६ टक्के होते, तेच मी लिहिले. त्याचे बियाणे प्रमाणित होते, पिशवीतले. माझे कणगीतले. हा फरक मला कळत नव्हता असे नाही. वहीला दहापैकी नऊ गुण मिळाले.

आणि मग घरून विचारणा झाली. आता खरे सांगायचे, तर वही खोटी पडते. मी सांगितले, "८६ टक्के. बिनघोर पेरा."

वडिलांनी नेहमीच्या मापाने पेरले. दिवाळीला गेलो तर रानात टक्कल पडल्यासारखे दिसत होते. खरिपात दुबार पेरणी करता येते, नांग्या भरता येतात. रब्बीत एकदा ओल उडाली की हात जोडून बसायचे. ज्वारी निम्मी झाली, आणि ज्वारीपेक्षा कडब्याचा फटका मोठा. उन्हाळ्यात बैलांसाठी कडबा विकत आणावा लागला. वडील मला एक शब्द बोलले नाहीत. कॉलेजातल्या पोराने तपासलेले बी खराब असेल, असे त्यांच्या मनातही आले नाही.

परीक्षेतल्या कॉपीसाठी महाराष्ट्रात १९८२ सालचा कायदा आहे. वरच्या शिक्षणातल्या प्रबंधांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली नियम केले. प्रबंधातला साठ टक्क्यांहून जास्त मजकूर दुसऱ्याचा निघाला, तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होते. ठीक आहे. पण वसतिगृहातल्या खोलीत वही उतरवणाऱ्या पोरावर कोण पहारा ठेवणार? आता तर मोबाईलला विचारले की अख्खा अहवाल तयार होऊन येतो, ज्या शेतात पाऊल टाकले नाही त्या शेताचासुद्धा.

मुलांना मी एवढेच सांगतो, की विचारण्यात कमीपणा नाही. मित्राकडून समजून घ्या, पुस्तकातून घ्या, कोणाचे घेतले ते लिहा. पण आकडा मात्र स्वतः मोजलेला असू द्या. हीच पोरे उद्या पीक कापणी प्रयोगाला दहा मीटर बाय पाच मीटरचा चौकोन आखायला तुमच्या रानात उभी राहतील. तिथल्या वजनावर विम्याची भरपाई ठरते.

मागे एका वर्षी पाऊस लांबला होता तेव्हा आमच्या भागात कृषीकन्या आल्या होत्या. त्यातली एक वही घेऊन माझ्याकडे आली. एका शेतकऱ्याच्या घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे तिने गोणपाटात ठेवले होते. म्हणाली, "साहेब, मधे मला ताप आला. मोजायचं राहिलं आणि दाणे कुजले. मैत्रिणी म्हणतात, ७५ लिहून टाक."

मी म्हटले, "तिथे 'मोजणी झाली नाही' असं लिही. गुण जातील."

ती जरा हिरमुसली, पण तसेच लिहिले, आणि त्याच दिवशी नवे शंभर दाणे घातले. शेतकरी कुरकुरला, त्याला पेरणीची घाई होती. पाऊस नव्हता म्हणून थांबला. सहाव्या दिवशी ६२ दाणे निघाले. त्याने एकरी तीसऐवजी चौतीस किलो पेरले. तिचे गुण कापले की नाही, ते मी विचारले नाही. विचारायला हवे होते.

वडिलांना मी खरे सांगितले ते नोकरी लागल्यावर, बऱ्याच वर्षांनी. ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. हात थांबला. रागावतील असे वाटले होते.

"म्हंजे बी खराब व्हतं?" त्यांनी विचारले. "मला वाटलं, रानच बिघडलं. पुढल्या साली मी त्या तुकड्यात आठ गाड्या शेणखत टाकलं, इकत आणून."