विहिरीची वेळ

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि चौल-रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळीचं खोड बारीक आणि उंच. वाऱ्याने कितीतरी झाडं मधूनच मोडली. आमच्या वाडीत जुन्या पोफळी गेल्या तिथे नवी रोपं लावली. पोफळ लावली की सुपारी हाती यायला पाच-सात वर्षं जातात. तोवर पाऊस सरल्यापासून पुढच्या मृगापर्यंत रोपाची तहान सांभाळायची. त्या शिपण्यासाठी मी मोटरला एक टायमर घरीच करायचं ठरवलं.

तयार टायमर बाजारात भरपूर मिळतात. सहाला चालू, सातला बंद असं लावून ठेवलं की झालं. पण किनाऱ्यावरच्या विहिरीला सहा-सात कळत नाहीत. वाळूखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते वजनाला थोडं हलकं असतं. हॉलंडचे बॅडन घायबेन यांनी १८८८मध्ये आणि जर्मनीच्या हेर्झबर्ग यांनी १९०१मध्ये याचं गणित स्वतंत्रपणे मांडलं. गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या वर एक फूट असेल, तर समुद्रपातळीखाली ते साधारण चाळीस फूट खोल असतं. याचा उलटा अर्थ धडकी भरवणारा आहे. उपसा करून वरची पातळी फूटभर कायमची खाली नेली, तर खालचं खारं पाणी चाळीस फूट वर सरकू पाहतं. मग विहीर मचूळ होते, आणि मचूळ पाण्यावर पोफळीचे शेंडे पिवळे पडतात.

रहाटाच्या काळात ही भीती कमी होती. बैल दमायचे, थांबायचे. तेवढ्यात झरे विहिरीत पाणी आणून टाकायचे. मोटर दमत नाही. म्हणून मला हवा होता तो दमण्याचा हिशेब ठेवणारा टायमर: थोडा वेळ उपसा, मग विहीर भरेपर्यंत विश्रांती.

आधी विहीर मोजली. एप्रिलच्या उन्हात दोरीला गाठी मारून ती काठावरून सोडली, मोटर चालू केली आणि हातात घड्याळ घेऊन कठड्याशी बसलो. आई पडवीतून विचारत होती, “अरे, कोणती गाठ उघडी पडली?” मोटर बंद केल्यावर तळाच्या कपारीतून झरा वाहताना दिसायचा, आणि गाठी एकेक करून पुन्हा भिजायच्या. सतरा मिनिटांच्या उपशाला पाऊण तासाची भरपाई लागते, एवढं त्या दोरीने सांगितलं.

आता वेळ मोजणारा सुटा भाग शोधायचा. सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते ५५५ या चिपचं. हान्स कॅमेन्झिंड या स्विस अभियंत्याने ती १९७१मध्ये आखली, १९७२मध्ये ती बाजारात आली आणि आजही काही रुपयांत मिळते. पाण्यावर सोडलेलं तांब्याचं घटिकापात्र तळाच्या भोकातून भरत जातं आणि चोवीस मिनिटांनी बुडतं; ५५५च्या जोडीचा कपॅसिटरही रेझिस्टरमधून तसाच हळूहळू भरतो आणि ठरावीक पातळीला आला की चिप पलटते. एक मेगाओहम आणि हजार मायक्रोफॅरड घेतले की अठरा मिनिटांच्या आसपास वेळ येते. पण एवढा मोठा कपॅसिटर थोडा गळका असतो, आणि उन्हाने तापला की गळती वाढते. नेमका एप्रिल-मेमध्ये चुकणारा टायमर वाडीच्या कामाचा नाही.

नेमकेपणा मिळाला तो बंद पडलेल्या भिंतीवरच्या घड्याळात. आत तांदळाच्या दाण्याहून जेमतेम मोठी, चकचकीत नळी असते; तिच्यातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. घड्याळाचे काटे अडकतात, गिअर झिजतात, स्फटिक बहुधा शाबूत असतो. ती संख्या पंधरा वेळा निम्मी निम्मी केली की बरोबर एक उरतो; मिनिटं हवी असतील तर निम्मं करणं पुढे चालूच ठेवायचं. ४०६० ही चिप चौदा वेळा भागते, पुढे ४०४० आणखी बारा वेळा, आणि ४०१३ एकदा. शेवटची दोन टोकं जोडून पाहिली तर १०२४ सेकंद चालू आणि ३०७२ सेकंद बंद, म्हणजे सतरा मिनिटं उपसा आणि एक्कावन्न मिनिटं विश्रांती. दोरीने सांगितलेली सतरा मिनिटं स्फटिकाच्या गणितातून निघाली, आणि पाऊण तासाची भरपाई विश्रांतीत सहज बसली. त्या दिवशीचा आनंद मी विसरणार नाही.

या चिपा घ्यायला मुंबई गाठावी लागते. रेवदंड्याहून एसटीने अलिबाग, पुढे मांडवा आणि मांडव्याहून लाँच. अलिबागला समुद्राजवळ चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे कुलाब्याच्या नोंदी बिघडणार, म्हणून १९०४मध्ये ती खाडीपलीकडे इथे आली. नुसत्या नोंदीच्या शुद्धतेसाठी केवढी ही धडपड! त्या वेळी मुंबईचे गव्हर्नर होते लॉर्ड लॅमिंग्टन. सुटे भाग मिळतात तो ग्रँट रोडजवळचा रस्ता त्यांच्याच नावाचा. आता तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण सुटे भाग घेणारा अजून लॅमिंग्टन रोडच म्हणतो.

तिथल्या अरुंद गाळ्यांत हजारो लहान खण असतात. दुकानदाराने माझी यादी वाचली, शुगर क्यूब रिलेवर बोट ठेवलं आणि विचारलं, “मोटर किती एचपी?” दोन, म्हणताच त्याने मान हलवली. “काका, सुरू होताना मोटर पाच-सहापट करंट खेचते. याचे पॉइंट चिकटतील. याच्यावर फक्त काँटॅक्टर चालवा, मोटर काँटॅक्टरवर.” पॉइंट चिकटले तर मोटर थांबणारच नाही आणि विहीर तळाला जाईल. शंभर रुपयांच्या आतल्या खरेदीवर इतका जीव लावून सल्ला देणारी माणसं तिथे आहेत. रिलेसाठी बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणि उलटा झटका गिळायला १एन४००७ डायोड त्याने न सांगता पुडीत टाकले. गाव विचारलं आणि म्हणाला, “खारी हवा. बोर्डावर वॉर्निशचा हात द्या, डबा पत्र्याचा नको.”

बाकीचं घरातच जमलं. ट्रान्सफॉर्मर जुन्या टेपरेकॉर्डरचा, डबा प्लॅस्टिकचा. काँटॅक्टर, एमसीबी आणि अर्थिंगची जोडणी मात्र गावच्या वायरमनकडून करून घेतली. २३० व्होल्ट आणि ओली जमीन यांच्यामध्ये हौसेला जागा नाही.

तुमची वाडी किनाऱ्याला असेल आणि विहिरीवर मोटर असेल, तर येत्या एप्रिलमध्ये एक दिवस काढा. गाठी मारलेली दोरी सोडा. वीस मिनिटांत पाणी किती उतरतं आणि पुन्हा त्याच गाठीला यायला किती वेळ लागतो, हे दोन आकडे मोटरच्या डब्यावर लिहून ठेवा. टायमर काय, कुणीही जोडून देईल. हे आकडे मात्र तुमच्या विहिरीशिवाय कुणाकडे नाहीत.