‘भाभी, फक्त सही करा’

आमची इमारत शिरवणे गावाच्या कडेला, जुईनगर स्टेशनच्या बाजूला आहे. सिडको आल्यापासून इथे गावठाणापेक्षा सोसायट्याच जास्त. सोसायटी म्हटली की कमिटी आली, आणि कमिटीतल्या महिलांच्या राखीव जागेवर बसायला सहसा कुणी तयार नसते. ती जागा माझ्या वाट्याला आली. सेक्रेटरी घरी येऊन म्हणाले, “भाभी, काम काहीच नाही. महिन्यातून एक मीटिंग, चहा आणि सही.”

पण त्यासोबत स्टँप पेपरवरचे एक बंधपत्रही आले. त्याला एम-20 म्हणत. अब्बांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चष्मा लावून ते शब्दन्‌शब्द वाचले. कमिटीच्या कारभाराने संस्थेचे नुकसान झाले तर सगळे सदस्य संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या जबाबदार. अब्बा म्हणाले, “म्हणजे पैसा दुसऱ्याने खाल्ला तरी वसुली तुझ्याकडून होऊ शकते. बेटी, ही अमानत आहे. घे, पण वाचून घे.”

चौथ्याच मीटिंगला गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे बिल समोर आले. 1 लाख 84 हजार, तेही रोखीने दिलेले. दरपत्रके मागवलेली नव्हती, आणि ठेकेदार सेक्रेटरींच्या नात्यातला. मी म्हटले, “माझा विरोध आहे, तसा प्रोसीडिंग बुकात लिहा.” कुणी काही बोलेना. मग एक जण हसून म्हणाले, “भाभी, आपण काय कोर्टात बसलोय का?”

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 73 मध्ये ही वाट ठेवलेली आहे, हे मला अब्बांच्या वाचनामुळे ठाऊक होते. ठराव पटला नाही तर विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्यायचा. हवे तर सात दिवसांत निबंधकांनाही लेखी कळवता येते. अशा सदस्यावर त्या ठरावाची जबाबदारी येत नाही. मीटिंगला हजर नसलेल्या आणि नंतर इतिवृत्ताला मंजुरी न दिलेल्या सदस्यावरही येत नाही. नुसते गप्प बसणाऱ्याला मात्र सुटका नाही.

त्याच कायद्याचे कलम 88 अब्बांनी मला दोनदा वाचून दाखवले. गैरवापर किंवा विश्वासघात सिद्ध झाला, तर रक्कम व्याजासह भरून देण्याचा आदेश होऊ शकतो. त्यात आजी-माजी पदाधिकाऱ्यांसोबत मयत पदाधिकाऱ्याचाही उल्लेख आहे. आपल्या घरांत विरासत वाटण्याआधी मयताचे कर्ज फेडतात. त्या कर्जात बापाने न वाचता केलेली एखादी सहीही असू शकते, हे किती वारसांच्या ध्यानात येते?

हाच प्रकार मोठ्या आकड्यांत कसा दिसतो ते आमच्या शेजारच्या पनवेलने पाहिले. कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये रद्द केला. त्याआधी जूनमध्ये, पाचशे कोटींहून अधिक रकमेच्या गैरव्यवहाराच्या आरोपावरून, बँकेचे माजी अध्यक्ष आणि माजी आमदार विवेक पाटील यांना ईडीने अटक केली होती. दोषी कोण ते न्यायालय ठरवील. अध्यक्षांचे नाव पेपरात येते. मी मात्र अशी बातमी वाचली की बाकीच्या संचालकांचा विचार करते. त्यांतल्या किती जणांनी कागद वाचला असेल?

माझा विरोध लिहून घ्यायला दोन मीटिंगा गेल्या. त्या वर्षी सेक्रेटरींच्या घरून दिवाळीचा फराळ आला नाही. आमचा शीरखुर्मा मी ईदला नेहमीसारखाच पाठवला. सेक्रेटरीवहिनींनी डबा दारातूनच घेतला. नोंदीच्या पानाची झेरॉक्स घरी आणली, ती अब्बांनी घराच्या कागदांच्या फाइलीत लावून ठेवली.

दोन वर्षांनी लेखापरीक्षकांनी नेमक्या त्याच बिलावर आक्षेप घेतला. प्रकरण कलम 88 पर्यंत गेले नाही. ठेकेदाराने थोडे पैसे परत केले, उरलेले सह्या करणाऱ्यांनी वाटून भरले. त्यांत एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी पेन्शनमधून भरले. सही करताना ते बिल त्यांनी पाहिलेही नव्हते.