दुसऱ्या शनिवारची गाणी

मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचं पाणी जिथवर पोचलं, तिथवर ऊस पोचला. राहुरी आणि नेवासा तालुक्यांच्या मधल्या त्या पट्ट्यात पावसाळा सरला की रस्त्याच्या दोन्ही अंगांनी हिरव्या भिंती उभ्या राहतात आणि गावं त्यांच्या पोटात लपतात. माझ्या आजोळच्या गावातलं चर्चही असंच लपलेलं आहे. काळ्या दगडाच्या भिंती, वर पत्रा, पुढे कडुनिंब आणि लोखंडी चौकटीला टांगलेली घंटा. एके काळी आठवडाभर याच खोलीत शाळा भरायची आणि रविवारी उपासना व्हायची. शाळा कधीच दुसरीकडे गेली. आता रविवारची सकाळ, नाताळ आणि पुनरुत्थानाचा आठवडा सोडला तर दाराला कुलूप असतं आणि किल्ली शेजारच्या घरात खुंटीला.

ते कुलूप मला फार लागायचं. ज्या खोलीत गाणं इतकं चांगलं घुमतं, ती महिन्यातले बहुतेक दिवस मुकी का राहावी? दर महिन्याला एक रात्र नुसती गाण्यांची करावी, हा विचार तिथून आला. पाळकसाहेबांना तो लगेच पटला. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी मात्र एकच प्रश्न विचारला, वार कोणता?

शहरात हा प्रश्न सोपा असेल, गावात नाही. शेतीपंपाची लाईट एखाद्या आठवड्यात दिवसाची, तर एखाद्यात रात्रीची असते. रात्रीची असली की निम्मे पुरुष बॅटरी घेऊन उसाला पाणी भरायला जातात. बाजाराच्या दिवशी बायांना दम नसतो. एकादशीला मारुतीच्या देवळात भजन असतं आणि आमच्याकडचा मृदंग वाजवणारा तिथेही वाजवतो, म्हणून तीही रात्र गेली. शेवटी महिन्याचा दुसरा शनिवार ठरला. ज्याला पाणी भरायचं असेल त्याने मधेच उठून मोटर चालू करून परत यावं, असंही ठरलं. लोक खरंच तसं करतात. गीत चालू असताना एखादा उठतो, बाहेर मोटारसायकलचा आवाज दूर जातो, आणि पुढच्या की त्याच्या पुढच्या गीताला तो चिखलाचे पाय दाराशी धुऊन पुन्हा सतरंजीवर बसतो.

या रात्री उपदेश करायचा नाही, एवढा एक नियम आम्ही धरला. सुरुवातीला प्रार्थना, शेवटी आशीर्वाद आणि मधे फक्त गाणं. रविवारच्या उपासनेत गीताला मापात बसावं लागतं. वचन आणि जाहिराती यांच्यामध्ये दोन कडवी होतात, अर्पणाची पिशवी शेवटच्या रांगेपर्यंत पोचली की तिसरं थांबतं. त्यात कुणाचा दोष नाही. पण एखादं पद तब्येतीने गायचं तर ध्रुवपदावर पुन्हा पुन्हा यावं लागतं, टाळ हळूहळू चढावे लागतात, एखाद्याला मधेच सुचलेली ओळ लांबवू द्यावी लागते. हा वेळ रविवार देऊ शकत नाही.

आणि तो वेळ न मिळाल्यामुळे काय हरवत चाललं आहे, हे त्या रात्रींनी मला दाखवलं. ‘उपासना संगीत’ हे आमचं गीतांचं पुस्तक घरोघरी आहे. कित्येकांकडे आजीच्या लग्नातली प्रत आहे, कापडात बांधलेली. तिच्यात शब्द आहेत. चाल मात्र नाही. कुठे रागाचं नाव, कुठे दुसऱ्या एखाद्या पदाचा पहिला शब्द, एवढीच खूण. ज्या पदाकडे ती खूण बोट दाखवते ते पदच आज कुणाला येत नाही. म्हणजे अर्धं गीत कागदावर आहे आणि उरलेलं अर्धं साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या गळ्यात. ती माणसं गेली की पुस्तक राहील, पण त्यातून गाता येणार नाही.

हे असं पुस्तक झालं यामागे मोठी कहाणी आहे. अमेरिकन मराठी मिशन 1831 साली नगरला आलं ते आपली परदेशी स्तोत्रं घेऊन. त्यांची भाषांतरं झाली, पण ती गाताना आमच्या माणसांची जीभ अडखळायची. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी देशी चालींवर पदं रचली, कीर्तन चर्चमध्ये आणलं. 1895 साली नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि मग नगर-राहुरीच्या या मुलखाला स्वतःचा कवी मिळाला. आपण ख्रिस्ताकडे तुकोबांच्या वाटेने आलो, असं ते सांगत. त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, कीर्तनं केली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना राहुरीचे ते दिवस समोर उभे राहतात. त्याच्याही कितीतरी आधी, 1616 साली, फादर स्टीफन्सने गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ छापलं ते ओवीत, जवळजवळ अकरा हजार ओव्या. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासं आमच्या गावापासून एका दमाच्या अंतरावर आहे. ओवी आणि अभंग या मातीत ख्रिस्त इथे येण्याआधीपासून होते, आणि ख्रिस्त आल्यावर त्यांनी त्यालाही आपल्यात बसवून घेतलं. मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

पण अभिमानाने चाल टिकत नाही, गाण्याने टिकते. पहिल्या काही शनिवारी बाया फारशा गातच नव्हत्या. मागे बसून पुटपुटायच्या. आम्हाला वाटलं, लाजतात. एका रात्री माझ्या चुलत मावशीने सरळ सांगितलं, “अरे, पेटी तुमच्या गळ्यात लावताय, आमच्या कुठं?” पेटीवाला सवयीने काळी एक धरत होता. अंतरा वर गेला की बायांचा आवाज ताणायचा आणि त्या गप्प बसायच्या. त्याने बोट उचललं, काळी चारवर ठेवलं आणि पुरुषांना म्हणाला, खालून म्हणा. मावशीने टिळकांचं एक भजन काढलं. पुस्तकातली चाल आम्हाला जी वाटत होती, तिच्यापेक्षा ही अगदीच निराळी होती. ध्रुवपदाचा शेवट ती सरळ उतरवत नव्हती, गंधारावर थोडी थांबून, तिथे एक हेलकावा घेऊन मग षड्जावर येत होती. तिच्या बाजूच्या दोन बायांना तो हेलकावा येत होता. बाकी कुणालाच नाही. ती तिच्या आईकडून शिकली होती, जात्यावर बसून. त्या रात्री ते एकच भजन बराच वेळ चाललं. पेटीवाला हेलकावा पकडेपर्यंत तिने त्याला सोडलं नाही. “पुन्हा म्हण,” एवढंच म्हणायची. तेव्हापासून अर्धी रात्र बायांच्या पट्टीत होते. खरं सांगायचं तर, त्यांना आमच्याहून पुष्कळ जास्त येतं.

तरुण पोरं गिटार आणि कीबोर्ड घेऊन येतात आणि त्यांना हिंदी गीतं आवडतात. मोठ्यांना ते खुपतं. मला पोरांची बाजू कळते. हिंदी गीतं मोबाईलवर सगळ्या वाद्यांसकट ऐकायला मिळतात, आपली मिळत नाहीत. ऐकलंच नाही ते आवडणार कसं? म्हणून मावशीचं भजन आता त्यांच्या मोबाईलमध्ये आहे, बाजूच्या खोकल्यासकट आणि मधेच भुंकणाऱ्या कुत्र्यासकट. एका पोरीने त्याला गिटारवर सूर लावले आहेत. गंधारावरचा हेलकावा गिटारला जमत नाही, तो ती गळ्यानेच घेते.

सध्या मंडळीत एकाच गोष्टीवर चर्चा चालू आहे, ती हलगीवर. आमच्यातल्या काही घरांत हलगी आणि सनई पिढीजात आहे. मिशनच्या काळात पूर्वज ख्रिस्ती झाले, लेकरं शिकली, आणि वाद्य लग्नाच्या वरातीपुरतं बाहेर राहिलं. हलगी वाजवणं म्हणजे जुना मान-अपमान, गावकीची सक्ती, शिळी भाकर, हे काही वडीलधाऱ्यांच्या मनातून अजून गेलेलं नाही आणि ते का गेलं नाही हे मी त्यांना विचारू नये. त्यांचं दुखणं खरं आहे. पण ज्या हातांनी सक्तीने वाजवलं त्यांच्याच नातवांनी स्वखुशीने, आपल्या देवापुढे, आपल्या चर्चमध्ये वाजवावं, यापेक्षा त्या वाद्याचा मोठा मान मला सुचत नाही. टाळ आणि मृदंग आत आले, पेटी आली, कीबोर्ड आला. हलगीनेच दाराबाहेर का थांबावं?

परवा पाळकसाहेबांनी हलगी वाजवणाऱ्या एका आजोबांना घरी जाऊन विचारलं. आजोबा बराच वेळ बोलले नाहीत, मग आत जाऊन हलगी घेऊन आले आणि कातडं सैल झालंय का ते बोटांनी दाबून पाहू लागले. पुढच्या दुसऱ्या शनिवारी ते येणार आहेत. थंडीत कातडं उतरतं, वाजवायच्या आधी ते शेकावं लागतं. शेकोटी कडुनिंबाखाली करायची की घंटेजवळ, तेवढंच आता ठरायचं आहे.