न ओघळणारे पाणी

मराठी भाषेने डोळ्यांतल्या पाण्याची मोजदाद पुष्कळ केली. परंतु ती केली गालांवर उतरलेल्या पाण्याची. संस्कृत काव्यशास्त्राने अश्रूला आठ सात्त्विक भावांत स्थान दिले. संतांनी त्याला भक्तीची खूण मानले. व्यवहाराने खोटे अश्रू वेगळे काढून त्यांना नक्राश्रू म्हटले, आणि ज्याचे डोळे कोरडे राहिले त्याला पाषाणहृदयी ठरविले. या सगळ्या विचारात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : मनात काही घडते म्हणून डोळ्यांत पाणी येते. वस्तुतः माणूस जागा असतो तोवर त्याच्या डोळ्यांवर पाण्याचा एक पातळ थर सतत पसरलेला असतो. तो मनाची वाट पाहात नाही आणि ओघळतही नाही. म्हणूनच बहुधा साहित्याने त्याची दखल घेतली नाही. हा थर विस्कटला म्हणजे काय होते, हे कळण्यासाठी कोरड्या डोळ्यांच्या रुग्णाकडे जावे लागते.

असे रुग्ण बंगळूरच्या पूर्वेकडील महादेवपुऱ्यात शोधावे लागत नाहीत. २००७ साली बृहत् बंगळूर महानगरपालिकेत सामावली जाईपर्यंत या गावाची स्वतंत्र नगरसभा होती. आज बाह्य वर्तुळाकार मार्ग आणि व्हाइटफील्डकडे जाणारा रस्ता यांच्या आजूबाजूला संगणक-कंपन्यांची काचेची संकुले उभी आहेत. आत वातानुकूलित यंत्रांची कोरडी हवा, बाहेर रहदारीची आणि बांधकामांची धूळ, आणि दिवसाचे आठ-दहा तास समोर पडदा. १९९३ साली जपानी नेत्रवैद्य काझुओ त्सुबोता आणि त्यांच्या सहकाऱ्याने पापण्यांच्या उघडझापीची मोजणी प्रसिद्ध केली. निवांत बसलेल्या माणसाच्या पापण्या मिनिटाला सरासरी २२ वेळा लवतात, पुस्तक वाचताना १० वेळा, आणि संगणकाच्या पडद्याकडे पाहताना केवळ ७ वेळा. यांतला मधला आकडा ग्रंथालयात आयुष्य घालविणाऱ्यांनीही लक्षात ठेवावा असा आहे.

तथापि येथे ज्यांची हकीकत सांगावयाची आहे त्या बाई संगणकावर काम करणाऱ्या नव्हत. मिरजेच्या एका शाळेत तीस वर्षे मराठी शिकवून त्या निवृत्त झाल्या, आणि यजमानांच्या निधनानंतर महादेवपुऱ्यात मुलाच्या घरी राहावयास आल्या. दुपारी दोन तास वाचन हा त्यांचा नेम. येथे आल्यावर काही महिन्यांतच वाचता वाचता त्यांचे डोळे चुरचुरू लागले, अक्षरे पुसट होऊ लागली, आणि मग डोळ्यांतून पाण्याची धारच लागे. पुस्तक मांडीवर उघडे आणि बाई पदराने डोळे टिपताहेत, हे दृश्य मुलाने दोन-चार वेळा पाहिले आणि त्याचा जो अर्थ कोणीही मराठी मुलगा लावील तोच लावला. "आई, चार दिवस मिरजेला जाऊन यायचं का?" असे त्याने विचारले. "अरे, डोळ्यांना पाणी येतंय, मी रडत नाहीये," असे बाईंनी सांगितले. पण रडणारी आई याखेरीज दुसरे काय सांगणार, असे त्याला वाटले असावे. घरात सगळेजण दबून बोलू लागले. आपण न केलेल्या दुःखाचे सांत्वन स्वीकारावे लागणे हे बाईंना डोळ्यांच्या आगीपेक्षा जड गेले. त्यांनी दुपारचे वाचन हळूहळू बंद केले.

दरम्यान उपाय चालू होतेच. औषधांच्या दुकानातून प्रथम आले ते डोळ्यांची लाली घालविणारे थेंब. त्यांनी रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, डोळा तासाभरात पांढराशुभ्र दिसतो; पण कोरडेपणा तसाच राहतो, आणि असे थेंब वारंवार घातले तर औषध ओसरताच लाली अधिकच वाढते. त्यानंतर आली ती 'कृत्रिम अश्रू' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या औषधाची बाटली. हे नाव ऐकून बाईंना हसू आले. वर्गात ज्या शब्दाचा अर्थ त्यांनी ढोंग असा सांगितला असता, तो येथे औषधाचे नाव म्हणून छापलेला होता. या थेंबांनी आराम पडे, पण अर्ध्या तासापुरता. म्हणून त्या दिवसातून दहा-बारा वेळा थेंब घालू लागल्या, आणि आग पुन्हा वाढली.

अखेर सूनबाई त्यांना नेत्रवैद्यांकडे घेऊन गेल्या. वैद्य कन्नडभाषक. त्यांनी विचारले, "कण्णल्लि नीरु बरुत्ता?" मिरजेत वाढलेल्या बाईंना एवढे कन्नड कळत होते. डोळ्यांत पाणी येते का, इतकाच तो प्रश्न होता; त्यात सांत्वन नव्हते. कन्नडमध्ये अश्रूला 'कण्णीरु' म्हणतात, म्हणजे सरळ डोळ्याचे पाणी. पुष्कळ दिवसांनी कोणी त्यांच्या डोळ्यांबद्दल विचारले होते, मनाबद्दल नव्हे.

वैद्यांनी खालच्या पापणीत गाळणकागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटे ठेवली. ऑटो शिर्मर या जर्मन नेत्रवैद्याने १९०३ साली सांगितलेली ही परीक्षा आजही चालते. कागद पुरेसा भिजला. म्हणजे पाणी तयार होत होते. मग डोळ्यात पिवळसर रंग घालून, पापणी न लववता पाण्याचा थर किती वेळ अखंड राहतो, हे पाहिले. सामान्यतः तो दहा सेकंद किंवा अधिक टिकावा. बाईंचा तीन-चार सेकंदांतच फुटत होता. कारण पाण्यात नव्हते, तेलात होते. पापण्यांच्या कडांवर सूक्ष्म ग्रंथी असतात. त्यांतून झरणारे तेल पाण्यावर साय धरल्यासारखे पसरते आणि त्याचे बाष्पीभवन थोपविते. त्या ग्रंथी तुंबल्या की पाणी उडून जाते, बुबुळ उघडे पडते, आणि त्या वेदनेने अश्रुग्रंथी एकदम लोंढा सोडते. हा लोंढा डोळ्यावर ठरत नाही, गालांवरून वाहून जातो. डोळे कोरडे होते म्हणूनच वाहत होते.

याच्या उलट बाजूचेही दुःख आहे. स्वीडनचे हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ च्या प्रबंधात ज्या व्याधीचे सविस्तर वर्णन केले, तिच्यात अश्रुग्रंथीच क्षीण होतात आणि तोंडही कोरडे पडते. अशा रुग्णांपैकी कित्येकांना शोक अनावर झाला तरी डोळ्यांत पाणी येत नाही. त्यांना पाषाणहृदयी म्हणणारी भाषा त्यांच्यावर अन्यायच करीत असते.

बाईंना जे उपाय सांगितले गेले ते साधे होते. गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने सकाळ-संध्याकाळ पापण्या शेकणे. पंख्याचा झोत तोंडावर न घेणे. आणि परिरक्षक द्रव्य नसलेले, तेलाचे अतिसूक्ष्म कण मिसळलेले थेंब. बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून जे द्रव्य घालतात, तेच वारंवार पडले तर डोळ्याच्या पृष्ठभागाला इजा करते. दहा-बारा वेळा घातलेल्या थेंबांनी आग का वाढली, त्याचा हा उलगडा. मात्र परिरक्षक नसले की स्वच्छता अधिक कसोशीने पाळावी लागते. २०२३ साली अमेरिकेत दूषित कृत्रिम अश्रूंमुळे जंतुसंसर्ग पसरून कित्येकांची दृष्टी गेली, चार रुग्ण दगावले. एका वेळी एक थेंब पुरतो, हेही वैद्यांनी सांगितले. डोळ्यावर एरवी सात मायक्रोलिटरच्या आसपास पाणी असते आणि बाटलीचा एक थेंबच तीस ते पन्नास मायक्रोलिटरचा, तेव्हा दुसरा थेंब गालावरच जाणार. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 'शुष्काक्षिपाक' हा वातज नेत्ररोग सांगितला असून त्याच्या उपचारांत तुपाला मोठे स्थान आहे, याची येथे आठवण होते. घरातले तूप वा तेल आज कोणी डोळ्यांत घालू नये. पण रुक्षतेवर स्नेह हे निदान जुनेच आहे.

शेवटचे पथ्य पापण्या लवविण्याचे. महाभारतातल्या नलोपाख्यानात चार देव नलाचे रूप घेऊन स्वयंवरात बसतात, तेव्हा दमयंती खऱ्या नलाला ज्या खुणांनी ओळखते त्यांत एक खूण ही की, देवांच्या पापण्या लवत नाहीत, नलाच्या लवतात. कन्नडमध्ये कनकदासांनी आणि मराठीत रघुनाथ पंडितांनी ही कथा पुन्हा सांगितली. बाईंनी ती अनेक वर्षे शिकविली होती. आता पान उलटण्यापूर्वी डोळे पूर्ण मिटायचे, दोन अंक मोजायचे आणि मग उघडायचे, असा नियम त्यांनी स्वतःला आणि कार्यालयातून डोळे चोळत येणाऱ्या सुनेलाही लावून दिला.

व्याधी समूळ गेली नाही. ती सहसा जात नाही. परंतु दुपारचे वाचन पुन्हा सुरू झाले, प्रथम वीस मिनिटे, मग तासभर. मुलाने एकदा त्यांना डोळे मिटून बसलेले पाहिले आणि काही न विचारता पंखा तेवढा बंद केला.