तीन बिऱ्हाडं, एक चूल

त्र्यंबकेश्वराला तुम्ही गेलाच असाल. कुशावर्तात स्नान करायचं, देवदर्शन घ्यायचं, निवृत्तिनाथांच्या समाधीवर माथा टेकायचा आणि संध्याकाळची एस.टी. धरायची, अशीच आपली यात्रा. पण मंडळी, एकदा तिथं घर भाड्यानं घेऊन चार दिवस राहून पाहा. एकट्याला परवडत नसेल तर दोन-तीन घरांनी मिळून घ्या. आम्ही घेतलं. त्यातलं गोड आणि कडू, दोन्ही सांगतो.

आम्ही येवल्याकडची माणसं. बाजरी-मक्याची पेरणी उरकली होती, खुरपणीला आठवडा अवकाश होता. गुरांचं शेजाऱ्यांकडे सोपवलं आणि तीन मित्रांची कुटुंबं, पोरंटोरं धरून तेरा जण निघालो. घरी आभाळाकडे डोळे लावून बसलेलो, आणि नाशिक सोडून अंजनेरीच्या पुढे गेलो तर खाचरं पाण्यानं तुडुंब! बाया डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन भाताची आवणी करत होत्या. जिल्हा एकच, पण पावसाचं दान किती निराळं!

दुसऱ्या दिवशी आम्ही गडी माणसं पोरांना घेऊन ब्रह्मगिरी चढलो. पायऱ्या ओल्या, माकडं टपलेली. खाण्याची पिशवी हातात ठेवू नका. गोदावरीचा उगम पाहून धाकटा म्हणाला, "एवढीशीच?" त्याला सांगितलं, हीच पुढे १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. आणि आपल्या पालखेड कालव्याला जिचं पाणी येतं, ती कादवाही हिलाच मिळते.

भुकेजून खाली आलो. ताटं मांडलेलीच होती. जेवता जेवता एका मित्राच्या बायकोनं शांतपणे विचारलं, "भाऊजी, डोंगर कसा होता?" मी रंगवून सांगू लागलो. त्या म्हणाल्या, "आम्ही पहाटेपासून भाकरीच थापतोय. घरी पाच माणसांच्या थापत होतो, इथं तेरांच्या. आमचं नुसतं गाव बदललं."

घास तोंडातच राहिला. तिघींचं आदल्या रात्री मिठा-तिखटावरून थोडं वाजलं होतं, त्यावर आम्ही हसलो होतो. खरं दुखणं कुठं होतं ते आता कळलं.

त्याच रात्री बसून ठरवलं. स्वयंपाक एकवेळचाच, दुसरं जेवण खानावळीत. भांडी आणि झाडलोट पुरुषांकडे. तिसऱ्या दिवशी आम्ही खिचडी टाकली, ती थोडी लागली. पण तिघी जणी सकाळीच गंगाद्वाराकडे गेल्या, त्या दुपार कलल्यावर परतल्या. लुगडी भिजलेली, पाय दुखलेले, आणि तोंडभर हसू. करपलेली खिचडी त्यांनी आनंदानं खाल्ली.

पैशाचंही आधीच बोलून घ्या. एक डबा ठेवा, सगळ्यांनी सारखी रक्कम टाकावी, खर्च वहीत लिहावा. घरभाडं घरटी, किराणा माणशी, लहान पोरांचा अर्धा. कुणी मध्येच परतला तरी भाड्याचा वाटा द्यायचा, हे निघण्यापूर्वीच ठरू द्या. भिडेपोटी गप्प राहिलेला माणूस पुढं वर्षभर मनात कुढतो.

दूर फ्रान्स देशातही खेड्यातली जुनी शेतघरं आठवड्याच्या बोलीवर भाड्यानं देतात. तिथं त्यांना 'जीत' म्हणतात. अशा घरांची देशभरची संघटना १९५५ साली उभी राहिली. पडकी होणारी घरं टिकावी आणि शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळावे, हा त्यामागचा हेतू. आपल्या राज्यानंही २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. तुमच्या वाड्याचा एखादा सोपा रिकामा असेल तर विचार करा. पण पाहुण्यांची उस्तवार कुणाच्या अंगावर पडेल, ते आधी घरात विचारा.

तीस वर्षं आम्ही एकमेकांच्या घरी जेवलो होतो. चूल एक झाली तेव्हा कुठं कळलं, त्या जेवणामागे कोण राबत होतं. येत्या पावसाळ्यात पुन्हा जायचं ठरलंय. या खेपेला पहिल्या दिवशी डोंगर बायकांचा.