पाठवायचं, पण कुठे?

आमचा नातू अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी संगणकाचा प्रोग्रॅम लिहितो. त्यावर कामगारांची आठवड्याची मजुरी निघते. लिहिलेलं तो ‘गिट’मध्ये ठेवतो. नवा प्रयोग वेगळ्या ‘ब्रँच’वर करायचा आणि सर्वांच्या साठ्यात पाठवायचा, म्हणजे ‘पुश’.

पूर्वी नुसतं ‘पुश’ म्हटलं, की दोन्हीकडे सारख्या नावाच्या असलेल्या साऱ्या ब्रँच निघायच्या, अर्धवट कामासकट. ही ‘मॅचिंग’ पद्धत. २०१४ साली गिट २.० आलं आणि ‘सिंपल’ ही पद्धत मूळ धरली गेली: ज्या ब्रँचवर काम चालू आहे तेवढीच जाणार.

शिवाय ‘रिमोट डॉट पुशडिफॉल्ट’ लिहून ठेवलं, की घ्यायचं एका ठिकाणाहून आणि पाठवायचं दुसरीकडे, असंही जमतं. नातू कारखान्याच्या साठ्यातून घेतो, पाठवतो मात्र स्वतःच्या प्रतीत. दुसऱ्या कुणी तपासल्यावरच ते मूळ साठ्यात जातं.

शाळेत आम्ही कच्ची वही आणि पक्की वही वेगळी ठेवायला लावायचो, तेच हे. फरक इतकाच, की इथे कच्चं गणित पक्क्या वहीत गेलं, तर मागावर राबणाऱ्या कुणाच्या तरी हातात शनिवारी कमी पैसे पडतील.